परसातले कृत्रिम गवत: कुत्र्यासाठी आणि मुंबईच्या पावसासाठी

मुंबईत ज्यांच्या घरामागे थोडेसे परस आहे आणि त्या परसात कुत्रे वावरते, त्यांनी खरे गवत लावून पाहिलेले असतेच. दोन इमारतींच्या सावलीत ते जोर धरत नाही, कुत्र्याच्या लघवीतल्या नत्राने जागोजागी पिवळे पडते, आणि जून उजाडला की उरलेसुरले गवत चार महिने चिखलाखाली जाते. त्या चिखलाचे पंजे घरभर उमटतात, ही गोष्ट तुलनेने किरकोळ आहे. सतत ओल्या मातीत उभे राहिल्याने कुत्र्याच्या बोटांमधली कातडी लाल होते, तिथे बुरशी धरते आणि गोचिडांना लपायला जागा मिळते, ही खरी काळजीची बाब आहे. कृत्रिम गवताने हे प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात, पण ते मुंबईचे पाऊसमान डोळ्यांसमोर ठेवून बसवलेले असेल तरच.

आमच्या मुलुंडच्या घरामागे १२ फूट रुंद आणि २० फूट लांब अशी जागा आहे. बुंदी ही आमची देशी कुत्री तिथेच लहानाची मोठी झाली. पहिल्या वेळी आम्ही एका कंत्राटदाराकडून गवत बसवून घेतले. त्याने जुन्या शहाबादी फरशीवर सर्वत्र गोंद पसरून त्यावर गवत चिकटवले, आणि ते काम एका दुपारीत संपले याचा आम्हाला आनंदच झाला. ऑगस्टमध्ये परसाचे दार उघडणे अशक्य झाले. गवत उचकटले तेव्हा खाली काळपट, बुळबुळीत थर होता. फरशीने लघवी शोषून घेतली होती आणि पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. दुसऱ्या वेळी फरशी काढून सगळे काम जमिनीपासून केले, आणि पुढे लिहिले आहे ते मुख्यत्वे त्या दुसऱ्या कामातून हाती लागलेले आहे.

आधी जागा पाहावी, आणि कुत्रेही

जागेची पहिली परीक्षा कुदळीने होते. परसाच्या सर्वांत खोलगट भागात एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा खणावा, तो पाण्याने काठोकाठ भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तीन-चार तासांत जिरले तर जमीन पाणी घेते असे समजावे. रात्रभर पाणी तसेच राहिले तर खाली चिकणमाती किंवा दाबलेला भराव आहे आणि निचऱ्याचा पाइप टाकल्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईतल्या अनेक घरांखाली मूळ जमीन नसून राडारोड्याचा भराव असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या परसात पाणी जिरते म्हणून आपल्याही जिरेल असे गृहीत धरू नये.

दुसरे, ही जागा पावसाळ्यात तुंबते का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. शहरातल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि महापालिकेच्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात ती क्षमता ५० मिलिमीटर करण्याचे ठरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस विरळा असला, तरी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागातले पाणी माघारी येते, हे मुंबईकराला दरवर्षी दिसते. ज्या परसात रस्त्यावरचे पाणी शिरते तिथे जमिनीची पातळी आधी वाढवून घ्यावी, आणि ते शक्य नसेल तर कृत्रिम गवताचा विचार सोडलेला बरा. गटाराचे पाणी एकदा भरणात, म्हणजे पात्यांच्या मुळाशी घातलेल्या दाण्यांत, मुरले की ते पूर्णपणे स्वच्छ करणे फार कठीण जाते.

कुत्र्याचाही विचार तितकाच करावा. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लांचे दुधाचे दात पडून नवे येतात आणि त्या काळात ती समोर दिसेल ते चावतात. उपटलेले धागे पोटात गेले तर आतड्यात अडकू शकतात. म्हणून दात येऊन होईपर्यंत थांबावे, आणि मोठे झाल्यावरही वस्तू फाडून गिळण्याची सवय असलेल्या कुत्र्याला या जागेत एकटे सोडू नये. उलटपक्षी, कमरेच्या सांध्यांचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरसारख्या कुत्र्याला गुळगुळीत टाइलवर उठताना जे कष्ट होतात, ते या गवतावर पुष्कळ कमी होतात. माझ्या मते गवत बसवण्याचे हे सर्वांत चांगले कारण आहे.

कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तोवर जमीन वाळलेली असते, गोंद नीट धरतो आणि पहिल्या पावसाआधी चुका दुरुस्त करायला वेळ हाताशी राहतो.

गवत निवडताना

सजावटीच्या दुकानात ७ ते १० मिलिमीटर उंचीची, हिरव्या चटईसारखी पातळ गुंडाळी स्वस्तात मिळते. ती लग्नमंडपासाठी ठीक आहे, कुत्र्यासाठी नव्हे. कुत्र्याच्या जागेसाठी पात्यांची उंची २५ ते ३५ मिलिमीटर असावी. त्याहून उंच पाती लोळतात आणि विष्ठा त्यांत अडकते, तर त्याहून बुटक्या पात्यांत भरण टिकत नाही. पाते पॉलिएथिलीनचे घ्यावे, कारण ते पॉलिप्रोपिलीनपेक्षा मऊ असून दाबले गेल्यावर पुन्हा बऱ्यापैकी उभे राहते. हिरव्या पात्यांच्या मुळाशी तपकिरी, कुरळ्या धाग्यांचा थर असतो. तो दिसायला छान, पण फार दाट असेल तर घाण धरून ठेवतो, म्हणून तो विरळ असलेला प्रकार निवडावा.

नमुन्याचा तुकडा हातात आला की आधी तो उलटा करून पाहावा. पाठीवर लॅटेक्सचा थर असेल तर पाणी जाण्यासाठी केवळ ठरावीक अंतरावर पाडलेली भोके असतात आणि दोन भोकांमधली जागा ओली राहते. लॅटेक्स कालांतराने ओल व वास धरतो. पॉलियुरेथेनची पाठ त्यामानाने टिकाऊ असते, आणि ज्या प्रकारात संपूर्ण पाठीतून पाणी झिरपते तो कुत्र्यांसाठी सर्वांत योग्य. पाहण्याची सोपी रीत अशी: तुकडा दोन विटांवर टेकवून त्यावर तांब्याभर पाणी ओतावे. पाणी वर साचून न राहता लगेच खाली उतरले पाहिजे. मग चार पाती चिमटीत धरून जोराने ओढावीत. ती सहज हातात आली तर कुत्र्याच्या नखांपुढे त्यांचा निभाव लागणार नाही. तोच तुकडा दुपारी एक वाजता उन्हात ठेवून अर्ध्या तासाने हाताचा मागचा भाग सात सेकंद त्यावर टेकवावा. जे आपल्याला सोसत नाही ते पंजांनाही सोसणार नाही. रंगद्रव्यात शिसे नसल्याचे लेखी प्रमाणपत्रही विक्रेत्याकडे मागावे. कुत्रे त्यावर झोपणार आणि पंजे चाटणार असल्याने ही मागणी अवाजवी ठरत नाही.

आमच्याकडे रोल बहुधा २ मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा फूट रुंदीचे मिळतात. १२ फूट रुंदीच्या जागेला त्याचे दोन पट्टे लागतात आणि मधोमध एक सांधा येतो. प्रत्येक पट्टा जागेच्या लांबीपेक्षा निदान सहा इंच जास्त घ्यावा. या हिशेबाने आमच्या २४० चौरस फुटांसाठी सुमारे २७० चौरस फूट गवत लागले. भावही चौरस फुटावर ठरतो, पण गवत, खालचा थर आणि बसवण्याची मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. एकत्र दर दिला की सर्वांत आधी काटछाट होते ती खालच्या थरात, आणि ती वरून दिसत नाही.

ढाळ आणि पाण्याची वाट

या कामात मन लावून करायची गोष्ट हीच आहे. आमच्या परसाचे क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मीटर आहे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्याशा जागेवर तासाभरात अकराशे लिटर पाणी येते, आणि ते सगळे गवताच्या पाठीतून खाली उतरून खडीच्या थरातून पुढे सरकले पाहिजे. जमीन ते पूर्णपणे जिरवील या भरवशावर राहता येत नाही, कारण जुलैत तीही भरलेली असते.

म्हणून ढाळ द्यावा लागतो. दर १०० इंचांना किमान एक इंच, असा ढाळ घराच्या भिंतीपासून दूर जाणारा असावा. १२ फूट रुंदीला हिशेबाने दीड इंच येतो. मी दोन इंच देण्याचा आग्रह धरेन, कारण दाबल्यावर थर कुठे ना कुठे थोडा बसतोच. ढाळ डोळ्यांनी ठरवू नये. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी, पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढावी आणि मग खालच्या टोकाची दोरी मोजून दोन इंच उतरवावी. अनुभवी गवंडी हे दहा मिनिटांत करतो, पण आपण तिथे उभे राहून पाहावे.

जमीन पाणी घेत नसेल तर ढाळाच्या खालच्या कडेने सहा-आठ इंच खोल चर खणून त्यात भोके पाडलेला ७५ किंवा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकावा, तो जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या, कापडात गुंडाळावा आणि भोवती २० मिलिमीटरची खडी भरावी. हा पाइप नेमका कुठे जोडायचा, हा नाजूक प्रश्न आहे. मुंबईत मलवाहिनी आणि पावसाच्या पाण्याची वाहिनी वेगवेगळ्या आहेत. परसातले पावसाचे पाणी मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडले तर जोराच्या पावसात तेच चेंबर उफाळून वर येते, शिवाय ते नियमांतही बसत नाही. पाइप पावसाच्या पाण्याच्या गटाराकडेच गेला पाहिजे. आणि ते पाणी शेवटी नाल्यातून समुद्राला मिळत असल्याने कुत्र्याची विष्ठा पाण्याच्या फवाऱ्याने कधीही धुऊन लावू नये. ती कोरडी उचलून शौचालयात टाकावी.

पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावायला विसरू नये. ती नसली की उंदीर त्याच वाटेने आत येतात.

खोदाई आणि खडीचा थर

चारही बाजूंनी पुढे जी बुटकी कड बांधायची आहे, तिच्या वरच्या पातळीपासून चार इंच खोल खोदावे. २४० चौरस फुटांतून सुमारे ८० घनफूट माती निघते आणि मोकळी झाल्यावर ती फुगून जवळपास एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, होते. ती नाल्याकाठी टाकू नये. राडारोडा उचलण्यासाठी महापालिकेची सेवा आहे, तिचा उपयोग करावा. परसात नारळ किंवा आंबा असेल तर बुंध्याभोवती किमान दीड फुटाचे आळे मोकळे सोडावे आणि खोदताना जाड मूळ लागले तर ते तोडण्याऐवजी तिथला थर पातळ करावा. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाडांना संरक्षण आहेच, पण मुळे तोडलेले झाड पहिल्या वादळी पावसात घरावर येऊ शकते, हे कारण मला कायद्याहून मोठे वाटते.

तळ धुम्मसाने चोपून घ्यावा आणि त्यालाही वर सांगितलेला ढाळ द्यावा. तळ सपाट ठेवून केवळ वरच्या थराला ढाळ दिला तर पाणी खालीच थबकते. तळावर अर्ध्या इंचाच्या चौकटीची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी अंथरावी आणि ती कडेने थोडी वर वळवावी. हा खर्च वायफळ वाटेल, पण मुंबईतल्या घुशींनी पोखरलेली जोती ज्यांनी पाहिली आहेत ते तो टाळणार नाहीत. घूस एका रात्रीत खडीखालची माती बाहेर काढते, मग वरचे गवत खचते आणि त्या खळग्यात पाणी साचते. आणखी एक गंभीर कारण आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरतात, कुत्र्यांना होतात आणि माणसांनाही. कुत्र्याचे लेप्टोचे लसीकरण वेळेवर करणे आणि परसात घुशीला थारा न देणे, या दोन्ही गोष्टी एकाच काळजीचा भाग आहेत.

जाळीवर १५० ते २०० जीएसएमचे (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचे) न विणलेले जिओटेक्स्टाइल अंथरावे म्हणजे माती खडीत मिसळत नाही आणि तणही वर येत नाही. पुष्कळ ठिकाणी हे कापड खडीच्या वर, अगदी गवताखाली घालतात. नुसत्या बागेला ते चालते, पण कुत्र्याच्या जागेत ते लघवी धरून ठेवते आणि वासाचे घर बनते. त्याची जागा खडीखालीच आहे.

आता खडी. अडीच इंचांचा पहिला थर २० मिलिमीटर खडीचा, त्यावर एक इंचाचा थर ६ ते १० मिलिमीटर बारीक खडीचा. दाबल्यावरचे हे माप असल्याने आमच्या जागेसाठी जाड खडी सुमारे ६० घनफूट आणि बारीक २५ घनफूट लागली. कंत्राटदार मुरूम किंवा दगडाची भुकटी वापरायला सांगतील, कारण ती घट्ट बसते आणि वर गुळगुळीत सपाटी येते. हे म्हणणे खोटे नाही. पण भुकटीच्या बारीक कणांत लघवी मुरून बसते आणि मुरूम पावसात चिखल होतो, म्हणून कुत्र्यासाठी दोन्ही नकोत. खडी धुतलेली मागवावी. प्रत्येक थर पसरल्यावर भाड्याने मिळणाऱ्या प्लेट कॉम्पॅक्टरने दोन-तीन वेळा दाबावा. जागा फार लहान असेल तर धुम्मस पुरते. शेवटी ढाळाच्या दिशेने सरळ पट्टी ओढून पाहावी आणि पट्टीखाली पाव इंचापेक्षा जास्त फट दिसली तर तिथे बारीक खडी घालून पुन्हा दाबावे.

कड

कुत्रे उकरायला सुरुवात करते ते नेहमी कडेपासून. एक कोपरा सुटला की पंजा आत जातो, आणि पुढचे काम मग सोपे होते. चारही बाजूंनी विटांची किंवा काँक्रीटची बुटकी कड बांधावी. तिचा वरचा भाग खडीच्या थरापेक्षा सुमारे अर्धा इंच उंच राहावा, म्हणजे गवताची कापलेली धार तिच्या आड जाईल. ढाळाच्या खालच्या कडेत दर दोन फुटांवर पाण्यासाठी भोक ठेवावे. मोकळ्या खडीत खिळे धरत नाहीत, म्हणून कडेच्या आतल्या बाजूने प्लॅस्टिकची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाची) दीड इंच रुंद पट्टी पक्की करावी आणि गवत त्या पट्टीवर ठोकावे. लाकडी पट्टी वापरू नये, कारण ती वाळवी खाते किंवा पाऊस कुजवतो. खिळे आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. आपल्या खाऱ्या, दमट हवेत साधे लोखंड गंजून त्याची टोके पंजात घुसू शकतात.

नर कुत्रा असेल तर भिंतीच्या तळाला दोन फूट उंचीपर्यंत टाइल बसवून घ्याव्यात, किंवा ढाळाच्या खालच्या बाजूला एक उभा दगड रोवावा. तो नेमाने तिथेच पाय वर करील आणि गिलावा वाचेल.

गवत घालण्याआधी बादल्यांची परीक्षा

खडीचा थर तयार झाल्यावर घाई न करता एक दिवस थांबावे. वरच्या टोकाला एकामागोमाग दहा-बारा बादल्या पाणी ओतावे आणि ते खालच्या भोकांतून किंवा पाइपातून किती वेळात बाहेर येते ते पाहावे. कुठे पाणी साचलेले दिसले तर तो भाग उकरून पुन्हा दाबावा. ही चूक आज फावड्याने सुधारते; गवत बसल्यावर तीच सुधारायला सगळे उचकटावे लागते. आमच्याकडे नळाजवळच्या कोपऱ्यात पाणी अडले होते. तळ तिथे बोटभर खोल गेला होता आणि अर्ध्या तासाच्या कामात ते निस्तरले.

अंथरणे, सांधणे, ठोकणे

रोल उलगडून दोन तास उन्हात पडू द्यावा म्हणजे त्याच्या घड्या जातात. पात्यांना एका बाजूला कल असतो. दोन्ही पट्ट्यांचा कल एकाच दिशेला असला पाहिजे, नाहीतर एक पट्टा गडद आणि दुसरा फिका दिसतो. कल घराच्या दाराकडे ठेवला तर आतून पाहताना गवत भरगच्च दिसते.

सांध्यासाठी दोन्ही पट्ट्यांच्या कडेचे दोन-तीन टाके पाठीच्या बाजूने धारदार कटरने कापून टाकावेत. मग दोन्ही कडा शेजारी आणून त्यांतले अंतर टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढेच राहील असे पाहावे. जास्त अंतर ठेवले तर रेघ दिसते, कमी ठेवले तर सांध्यावर उंचवटा येतो. कडा बाजूला दुमडून मध्ये एक फूट रुंदीची सांध्याची पट्टी अंथरावी, तिच्यावर पॉलियुरेथेनचा गोंद दाते असलेल्या थापीने पसरावा आणि कडा एकेक वीत करत खाली बसवाव्यात, मध्ये एकही पाते चिरडू न देता. वर वाळूच्या पिशव्या ठेवून २४ तास कोणाला फिरकू देऊ नये. गोंदाचा वास जाईपर्यंत कुत्र्याला तर परसाचे दारही उघडून देऊ नये. गवत सर्वत्र चिकटवण्याचा आग्रह कोणी धरला तर ठाम नकार द्यावा.

सांधा धरल्यावर गवत ताणून कडेच्या पट्टीवर दर सहा इंचांवर ठोकावे, कोपऱ्यांत आणि दारापाशी दर तीन इंचांवर. ठोकताना पाती बाजूला सारावीत आणि शेवटी खिळ्यावरून हात फिरवून डोके वर राहिलेले नाही याची खात्री करावी.

भरण

पात्यांच्या मुळाशी भरण घातल्याने गवत उभे राहते आणि जागचे हलत नाही. जुन्या टायरचे रबरी कण कुत्र्यासाठी वापरू नयेत, कारण ते उन्हात फार तापतात आणि कुत्रे ते गिळते. साधी समुद्राची किंवा खाडीची वाळू खारी व बारीक असल्याने तीही नको. झिओलाइट हे खनिज मला सर्वांत योग्य वाटते. दख्खनच्या बसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात, त्यामुळे महाराष्ट्राला या खनिज-कुळाची ओळख नवी नाही. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि तोच नाकाला झोंबतो. झिओलाइटची रचना अमोनियमचे आयन धरून ठेवते आणि त्यांच्या बदल्यात सोडियमसारखे आयन सोडते. १ ते २ मिलिमीटर दाण्याचे झिओलाइट चौरस मीटरला ५ ते ८ किलो लागते. आम्ही सुमारे १५० किलो वापरले. गवत पूर्ण कोरडे असताना ते दोन-तीन हप्त्यांत पसरून ताठ केसांच्या खराट्याने कलाच्या उलट दिशेने झाडावे, म्हणजे दाणे तळाशी उतरतात.

फरशी किंवा गच्ची असेल तर

खोदणे शक्य नसेल तर फरशीवर २० ते ३० मिलिमीटर उंचीच्या, पोकळ प्लॅस्टिकच्या ड्रेनेज टाइल घालून त्यांवर गवत मोकळे ठेवावे, म्हणजे महिन्यातून एकदा उचलून खाली धुता येते. फरशीतले पाणी वाहून नेणारा न्हाणी ट्रॅप झाकला जाऊ नये. गच्चीत खिळा ठोकू नये, वॉटरप्रूफिंगला भोक पडते. आणि गच्ची सोसायटीची सामाईक जागा असल्याने आधी लेखी परवानगी घ्यावी. खाली पाणी साचून राहिले तर त्यात डासांची पैदास होते, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी खाली कोरडे आहे का ते पाहावे.

कुत्र्याला सवय लावणे

बुंदीने पहिले दोन दिवस त्यावर पाय ठेवला नाही. जुन्या जागेची थोडी ओली माती एका ताटलीत घालून ढाळाच्या खालच्या टोकाला ठेवली, सकाळी उठल्याबरोबर तिला पट्ट्याने तिथे नेले आणि काम झाल्यावर लगेच शाबासकी दिली. पाचव्या दिवशी ती आपणहून गेली. रागावल्याने ती त्या जागेलाच घाबरली असती.

निगा

विष्ठा रोज उचलावी आणि लघवीच्या ठरलेल्या जागी दिवसाआड एक-दोन बादल्या पाणी ओतावे. मे महिन्यात पाणीकपात असते तेव्हा आरओ यंत्रातून वाया जाणारे किंवा एसीतून टपकणारे पाणी यासाठी जपून ठेवावे. आठवड्यातून एकदा एन्झाइमयुक्त, पाळीव प्राण्यांसाठीचे द्रावण फवारून ते दहा-पंधरा मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग धुवावे. फिनेल मात्र वापरू नये. फिनॉल असलेली जंतुनाशके कुत्र्याला घातक आहेत, आणि ते पंजे चाटते. ब्लीचिंगचे द्रावणही लघवीवर थेट ओतू नये, कारण अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू निघतो.

मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात हे गवत ६० अंश सेल्सियसच्याही वर तापू शकते. वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी ताणावी, एक कोपरा कायम सावलीत ठेवावा आणि दुपारी कुत्र्याला बाहेर सोडण्याआधी हात टेकवून पाहावे. पाणी शिंपडल्याने थंडावा येतो, पण तो थोडाच वेळ टिकतो.

पावसाळ्यात वर निळी ताडपत्री बांधण्याचा मोह होतो. तो टाळावा. मोकळा पाऊस लघवी धुऊन नेतो, तर ताडपत्रीखाली दमट सावली राहून शेवाळ धरते. पडलेली पाने रोज झाडावीत, आठवड्यातून एकदा खराट्याने पाती उलटी विंचरावीत आणि कडेच्या फटी गोचिडांसाठी तपासाव्यात. गटाराचे पाणी शिरलेच, तर कुत्र्याला आत ठेवून गवत आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण दहा मिनिटे ठेवून पुन्हा धुवावे आणि दोन-तीन दिवस कडक ऊन लागू द्यावे. लेप्टोचे जंतू ओलीत जगतात, सुकल्यावर मरतात. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याला ताप आला, खाणे सुटले किंवा लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे आणि पाणी शिरल्याचे आवर्जून सांगावे.

पाऊस परतल्यावर ऑक्टोबरमध्ये वास पुन्हा जाणवू लागला तर झिओलाइट भरत आले असे समजावे. एका बादलीत अर्धा किलो खडे मीठ विरघळवून ते पाणी लघवीच्या जागी ओतावे, तासाभराने साध्या पाण्याच्या तीन-चार बादल्यांनी पूर्णपणे धुवावे आणि ती जागा वाळेपर्यंत कुत्र्याला तिथे जाऊ देऊ नये. मिठातले सोडियम अमोनियमची जागा घेते आणि दाणे पुन्हा कामाला लागतात. झाडाच्या आळ्याजवळ मात्र हे करू नये. तिथले झिओलाइट खरवडून काढावे आणि नवे भरावे.